काळी भिंत, पिवळा दिवा

‘घराला काळा रंग? हे कुठलं नवीन खूळ?’ घरात विषय काढून बघा, पहिली रिअ‍ॅक्शन हीच येणार. मग शुभ-अशुभ निघेल आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य, ‘खोली लहान दिसते.’ शुभ-अशुभाचं तुम्ही आणि आजी बघून घ्या. लहान दिसण्याचं मात्र तितकंसं खरं नाही.

प्रत्येक रंगाला एक नंबर असतो, एलआरव्ही म्हणजे लाइट रिफ्लेक्टन्स व्हॅल्यू. पडलेल्या उजेडातला किती भाग भिंत परत देते, हे तो ० ते १०० मध्ये सांगतो. पांढरा रंग ८०च्या वर जातो. चारकोल किंवा नेव्ही ब्लू दहाच्या खालीच राहतो. (व्हँटाब्लॅक नावाचं कोटिंग तर ९९.९६ टक्के उजेड गिळतं. कलेसाठी ते वापरायचे हक्क मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांनी २०१६ मध्ये एकट्याकडे घेतले आणि जगभरचे आर्टिस्ट खवळले. आपल्याला एवढं काळं नकोच.)

पांढऱ्या खोलीत दोन भिंतींवर उजेड कमी-जास्त पडतो, म्हणून कोपरा लगेच कळतो. गडद रंगात तो कोपरा विरघळतो, भिंत नेमकी कुठे संपते ते डोळ्यांना पटकन सापडत नाही. त्यामुळे खोली आखडण्याऐवजी खोल वाटू शकते. रील्समधल्या त्या बॉटल ग्रीन बेडरूमची जादू हीच. फक्त तिथे मोठी खिडकी आणि चार-पाच लॅम्प असतात, हे कॅप्शनमध्ये कुणी लिहीत नाही!

आपल्याकडे असते छताजवळ एक पांढरीफटक ट्यूब. तिच्या उजेडात चारकोल भिंत बंद दुकानाच्या शटरसारखी दिसते. म्हणून रंगाआधी दिव्यांचं बजेट काढा. २७०० ते ३००० केल्व्हिनचे पिवळसर बल्ब, तेही खाली, टेबलाशी किंवा बेडच्या बाजूला. अभ्यासाला वेगळा लॅम्प हवाच, नाहीतर सबमिशनच्या रात्री डोळ्यांची वाट लागेल.

फिनिश मॅटच घ्या. ग्लॉसी गडद रंग पुट्टीतला प्रत्येक खड्डा दाखवतो. मॅटवर हात घासले की डाग पडतात हे खरं, पण खड्ड्यांपेक्षा डाग परवडले. बाहेरच्या बाजूने ओल येणारी भिंत असेल तर नादच सोडा. पावसाळ्यात भिंतीतले क्षार बाहेर येतात. पांढऱ्यावर ते खपून जातात, काळ्यावर मीठ सांडल्यासारखे दिसतात.

तसं गडद भिंत हे काही परदेशी फॅड नाही. वारली चित्रं पिढ्यान्‌पिढ्या गेरूच्या तांबूस भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढली जातात. त्या पांढऱ्या रेषा उठतात त्या मागच्या गडद रंगामुळेच.

भाड्याने राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी. गडद भिंत पुन्हा पांढरी करायची म्हणजे प्रायमर आणि वर रंगाचे दोन-तीन हात. हा खर्च घरमालक डिपॉझिटमधून कापणार, हे नक्की समजा. माझ्या मते अशा वेळी भिंतीला हातच लावू नये. बेडच्या मागे बसेल एवढा प्लाय कापून घ्या, त्यालाच नेव्ही ब्लू मारा आणि भिंतीला टेकवून ठेवा. रूम बदलताना गादीबरोबर तोही टेम्पोत चढवायचा.