रेवडीची कुस्ती : तेरखेडा परिसरातील जत्रेचा फड आणि गल्लीतले बालपण

महाराष्ट्रातील कुस्तीचा इतिहास बहुतांशी कोल्हापूर, सांगली, सातारा आणि पुणे या पट्ट्याच्या अंगाने लिहिला गेला असून बालाघाटच्या डोंगररांगांतील गावे त्यात आलीच, तर एखाद्या नामवंत मल्लाचे जन्मगाव म्हणून ओझरती येतात. धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातील तेरखेडा हे त्यांपैकीच एक गाव होय. सोलापूर–धुळे महामार्गावरचे हे गाव बाहेरच्या लोकांना ठाऊक आहे ते फटाक्यांच्या कारखान्यांमुळे. दिवाळीच्या तोंडावर आसपासच्या जिल्ह्यांतील व्यापारी येथे माल भरायला येतात आणि गावातील अनेक घरांचा वर्षाचा हिशेब या एका हंगामाभोवती फिरतो. कुस्तीच्या नकाशावर त्याचे नाव ठळक नाही, आणि म्हणूनच अशा गावांच्या परिसरात कुस्तीचा धंदा ज्या पायावर उभा होता तो पाया, म्हणजे गल्लीतली पोरे, जत्रेचा फड आणि लोकवर्गणी, मोठ्या नावांच्या वलयाखाली झाकला न जाता पाहता येतो.

येथे ‘धंदा’ हा शब्द जाणूनबुजून वापरला आहे. कुस्तीला साधना, परंपरा, मर्दानी खेळ अशी विशेषणे लावण्याची आपल्याकडे सवय असली, तरी जत्रेतील कुस्ती ही प्रथमपासून इनामाची, म्हणजे पैशावर ठरणारी कुस्ती होती. फड म्हणजे जत्रेनिमित्त मोकळ्या रानात किंवा ओढ्याकाठी तात्पुरते उभारलेले कुस्तीचे मैदान. त्याचा खर्च गावकऱ्यांच्या वर्गणीतून निघे, इनामांचे आकडे जत्रा कमिटीचे पंच ठरवीत, आणि पैलवान एका गावची जत्रा आटोपून दुसऱ्या गावच्या जत्रेला जात. विजयी मल्ल कडेच्या प्रेक्षकांपुढून फेरी मारी, तेव्हा मिळणारी बक्षिसी ही जाहीर इनामापेक्षा वेगळी असे. खुराक, म्हणजे दूध, तूप, बदाम, थंडाई आणि परवडेल त्याला मटण, यांचा खर्च कोरडवाहू शेतीच्या जिवावर भागणे कठीण असल्यामुळे या फिरत्या कमाईवर कित्येक तालमी तगून राहिल्या.

फडाचा हंगाम आणि गावाच्या कामाचा हंगाम यांचा मेळ लक्षात घेतल्याशिवाय त्याचे सामाजिक स्थान कळत नाही. दसरा-दिवाळीनंतर या भागातील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात व गाळप संपल्यावर, म्हणजे साधारणपणे मार्च-एप्रिलमध्ये, परततात. बहुसंख्य ग्रामदैवतांच्या जत्रा चैत्र-वैशाखात भरतात. जवळच्या येरमाळ्याच्या येडेश्वरीची मोठी यात्राही चैत्र पौर्णिमेची. कोप्यांवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपड्यांत, राहून आलेली मुले, आजी-आजोबांपाशी गावात मागे राहिलेली मुले, आणि शहरात कामाला गेलेल्यांची सुट्टीवर आलेली मुले अशी सगळी पोरे एकाच वेळी एका गल्लीत सापडण्याचा हा वर्षातील एकमेव काळ असल्यामुळे, बालपणाची आठवण सांगताना या भागातील माणूस जत्रेपाशी हटकून थांबतो, आणि जत्रा म्हटली की त्याला पाळण्याआधी फड आठवतो.

फडाची सुरुवात मुलांपासून होई. दुपार कलू लागली, हलगी कडाडली, की पंच मंडळी सर्वांत आधी लहानग्यांच्या कुस्त्या लावीत. त्यांचे इनाम मूठभर रेवड्या, खोबऱ्याची वाटी किंवा नारळ एवढेच असल्यामुळे त्यांना रेवडीवरच्या कुस्त्या म्हणत. पुढे इनाम रुपयांत सुरू होऊन अकरा, एकवीस, एक्कावन्न, एकशे एक असे चढत जाई आणि दिवस मावळता मावळता शेवटच्या जोडीची, म्हणजे त्या दिवसाच्या सर्वांत मोठ्या इनामाची कुस्ती होई. या चढत्या क्रमामुळे एकाच मैदानात, एकाच दुपारी, सहा वर्षांच्या पोरापासून नावाजलेल्या पैलवानापर्यंत धंद्याच्या सगळ्या पायऱ्या प्रेक्षकांना ओळीने दिसत, आणि ज्या पोराने तासाभरापूर्वी रेवड्या जिंकल्या त्याला आपण त्या शिडीच्या कोणत्या पायरीवर उभे आहोत हे कोणी समजावून सांगण्याची गरज उरत नसे.

रेवडीच्या कुस्तीचे कौशल्य पोरांपेक्षा पंचांचे होते. जोड लावणे, म्हणजे तोडीस तोड प्रतिस्पर्धी शोधून देणे, ही कामगिरी वजनकाट्याशिवाय, केवळ नजरेने पार पाडली जाई. दोन मुलांना समोरासमोर उभे करून खांद्याला खांदा पाहिला जाई, दंड चाचपले जात, पोटऱ्या पाहिल्या जात, आणि त्यावरही कोणाच्या मामाने ‘आमचं पोरगं अंगानं हलकं आहे’ अशी तक्रार केली, तर जोड मोडून दुसरी लावली जाई. एखादे धीट पोर स्वतःच फडात फिरे, म्हणजे हात उंचावून प्रेक्षकांपुढून चकरा मारी, आणि कोणीतरी उतरून त्याच्याशी हात मिळवला की कुस्ती ठरे. परगावच्या पोराशी जोड लागली की संपूर्ण गल्ली, एरवी एकमेकींशी न बोलणाऱ्या घरांसह, आपल्या पोरामागे उभी राही. हरलेल्या पोराला घरी बोलणी बसत आणि शेजारच्या ओसरीवर गूळ-शेंगदाणे मिळत, असा अनुभव या पिढीतील माणसे सांगतात, तो भावनेच्या भरात गोड झालेला आहे असे गृहीत धरले तरी पूर्ण खोटा मानण्याचे कारण नाही.

या कुस्तीची तयारी तालमीत होतच असे, असे नाही. तालीम म्हणजे कुस्ती शिकण्याची जागा; तिच्या मध्यभागी हौदा, म्हणजे चाळलेल्या मातीचा खोलगट आखाडा असतो आणि त्या मातीत ताक, तेल, लिंबू, हळद घालून ती मऊ राखली जाते. मराठवाड्याची काळी, चिकट, उन्हाळ्यात भेगाळणारी माती या कामाला निरुपयोगी असल्याने तांबडी माती बाहेरून आणावी लागते, आणि त्यासाठी लागणारा खर्च व ती खोऱ्याने सतत खालीवर करणारे हात प्रत्येक गावापाशी नसतात. त्यामुळे बहुतेक मुलांचा पहिला हौदा म्हणजे ओढ्याची वाळू, खळ्यावरचा भुसा किंवा नांगरून ठेवलेले वावर. टॉवेलचा लंगोट कसणे, मांडीवर थाप मारून शड्डू ठोकणे, माती कपाळाला लावून सलामी घेणे हे विधी मुले डावांच्या आधी आत्मसात करीत. डावांपैकी प्रतिस्पर्ध्याच्या एका पायावर झेप घेण्याचा एकेरी पट, मान-काखेत हात गुंतवून पाठीवरून फेकण्याचा ढाक आणि पायात पाय अडकवण्याची टांग एवढ्या भांडवलावर गल्लीतली कुस्ती वर्षानुवर्षे चाले, आणि खालच्या आळीचा कोणीतरी थकलेला पैलवान पारावर बसल्या बसल्या त्यातील चुका काढी. मोबदला न घेणारा हा वस्ताद, म्हणजे गुरू, औपचारिक इतिहासात कोठेच नोंदला गेलेला नाही.

फडातल्या चढत्या इनामांतून दिसते तशी मल्लांची प्रतवारी या प्रदेशाला नवी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण असून त्यात मल्लांचे ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक आणि गोवल असे तीन वर्ग सांगितले आहेत, त्यांच्या आहाराची व सरावाची तरतूद वर्णिली आहे आणि घडत असलेल्या तरुण मल्लाला ‘भविष्णु’ म्हटले आहे. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, धाराशिव जिल्ह्याच्या सीमेपलीकडे लगेच लागणारे. त्या दरबारी मल्लांपासून आजच्या फडापर्यंत सलग वारसा आहे असा दावा करणे मात्र धाडसाचे ठरेल. मधल्या शतकांत राजवटी बदलल्या आणि खेळाची परिभाषाही बदलली, याची साक्ष पैलवान, वस्ताद, खलिफा, तालीम हे शब्दच देतात. एवढे खरे की कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला आणि १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभे राहिले, तसे आश्रयस्थान निजामी अमलाखालील या मराठी मुलखाच्या वाट्याला आले नाही. १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असलेल्या या गावांत कुस्तीचा आश्रयदाता म्हणजे गावचा पाटील-देशमुख, जत्रा कमिटी, आणि पीर-दर्ग्यांच्या उरुसांत भरणारे फड.

राजाश्रयाच्या या अभावाचा परिणाम असा झाला, की फडात चमकलेल्या पोराला पुढे जायचे तर गाव सोडावे लागे. याचे सर्वांत ठळक उदाहरण हरिश्चंद्र बिराजदार यांचे आहे. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगड हे त्यांचे गाव. कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत ते घडले, १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी झाले, १९७० च्या एडिंबरा येथील राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले, पुढे रुस्तुम-ए-हिंद हा किताब पटकावला, आणि १९७७ मध्ये बेळगावात दिल्लीच्या सतपालवर त्यांनी मिळवलेला विजय आजही फडातल्या गप्पांत निघतो. त्यांना सरसकट लातूरचे म्हटले जाते. परंतु लातूर जिल्हा १९८२ मध्ये वेगळा होईपर्यंत निलंगा तालुका तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातच होता. ज्या स्पर्धेत ते महाराष्ट्र केसरी झाले ती लातूरलाच भरली होती. म्हणून नोव्हेंबर २०२३ मध्ये धाराशिव शहरात महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि शिवराज राक्षे यांनी हर्षवर्धन सदगीर यांना हरवून ती जिंकली, तेव्हा जुन्या अखंड जिल्ह्याच्या हिशेबाने हा मान या मातीला नव्याने नव्हे, तर पुन्हा मिळाला होता. बिराजदारांनी पुढे पुण्यात घडवलेल्या शिष्यांत शेजारच्या बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे होता, ज्याने २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले.

फडात सर्वांना समान जागा असते हे वाक्य कुस्तीच्या गौरवलेखांत नेहमी येते आणि ते अर्धेच खरे आहे. हौद्यात उतरल्यावर जातीची विचारणा होत नसे आणि हिंदू-मुसलमान पोरांच्या जोडी सर्रास लागत, हे खरे. परंतु ज्याच्या घरी दुभते जनावर आहे त्याच्याच पोराला खुराक मिळे, आणि ज्या हलगीच्या ठेक्यावर सगळा फड पेटे ती वाजवणारे मातंग समाजाचे कलावंत वर्गणीच्या पाटीवर आणि मानाच्या फेट्यांच्या यादीत क्वचितच दिसत. हलगीवाल्यांच्या घरातली पोरे वाजवता वाजवता डाव शिकत, पण त्यांची जोड लागण्याची वेळ येईपर्यंत बापाच्या हाताला विसावा देण्यासाठी हलगी त्यांच्याच गळ्यात आलेली असे.

गल्लीतील मुलांच्या कल्पनेत मोठा बदल झाला तो १९९० च्या दशकात, केबल टीव्हीमुळे. त्याआधीही लढवून दाखवलेली, करमणुकीची कुस्ती महाराष्ट्राला अपरिचित नव्हती. दारासिंग आणि किंगकाँग यांच्या फ्रीस्टाईल लढतींनी मुंबईतील वरळीचे वल्लभभाई पटेल स्टेडियम गाजवले होते आणि १९६८ मध्ये दारासिंगने मुंबईतच अमेरिकी मल्ल लू थेझला हरवले होते. पण ती कुस्ती खेड्यात पोचली होती ती वर्तमानपत्रांतून आणि सिनेमांतून. केबलने डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकी करमणुकीच्या कुस्तीच्या लढती घरात आणल्या, पाठोपाठ ट्रम्प कार्ड आली, म्हणजे एकेका पैलवानाचे छायाचित्र आणि त्याची उंची, वजन, छाती, दंड व लढतींचे आकडे छापलेली पत्ते-खेळाची कार्डे, आणि पारावर बसून पोरे त्यातल्या अंडरटेकर या मल्लाच्या दंडाचा घेर पाठ करू लागली. १९९६ च्या ‘खिलाडियों का खिलाडी’ या चित्रपटातील अंडरटेकर हा ब्रायन ली नावाचा दुसराच मल्ल होता, हे बहुतेकांना कळले नाही. जत्रेच्या फडावर मात्र याचा झालेला परिणाम वाटतो तितका सरळ नव्हता. फडालाही नुरा कुस्ती, म्हणजे दोघांनी आधी संगनमत करून केलेली लुटुपुटूची लढत, जुन्या काळापासून ठाऊक होती. फरक एवढाच की टीव्हीवर ती खेळाचा भाग मानली जाई आणि फडात तिचा संशय जरी आला तरी प्रेक्षक उठून उभे राहत व पंचांना इनाम रोखून धरावे लागे. अंडरटेकर खोटा आहे हे गल्लीतल्या पोराने मित्रांशी वाद घालून मान्य केले असेल, तर त्यामागे रेवडीच्या कुस्तीत पाठ टेकल्याचा त्याचा स्वतःचा अनुभव होता.

फडाला खरी घरघर लावली ती खेळाच्या अधिकृत रूपाने. जत्रेतील कुस्ती निकाली, म्हणजे प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लागेपर्यंत चालणारी. मॅटवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत गुणांवर संपणारी. ज्याला राष्ट्रीय स्पर्धा, क्रीडा कोट्यातील नोकरी, पोलीस भरती यांचा मार्ग धरायचा आहे, त्याला मॅट अनिवार्य झाली आणि तिच्यासाठी लागणारी सभागृहे तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी, नाहीतर थेट पुण्यात. महाराष्ट्र केसरीने माती विभागाचा विजेता आणि गादी, म्हणजे मॅट, विभागाचा विजेता यांची अंतिम लढत लावून हा तिढा तात्पुरता सोडवला आहे. पण ही अंतिम लढत गादीवर होते, यातून कोणते पारडे जड आहे ते दिसतेच.

तरीही फड संपलेला नाही. अलीकडच्या जत्रांत मोठ्या जोडी आठवडे आधी ठरतात, त्यांची छायाचित्रे फ्लेक्सवर झळकतात, इनामांचे आकडे लाखांत जातात, ध्वनिक्षेपकावर निवेदक मल्लांची घराणी आणि वस्तादांची नावे धावत्या लयीत सांगतो. मुलींच्या कुस्त्याही आता फडात लागू लागल्या आहेत. सांगलीत मार्च २०२३ मध्ये प्रतीक्षा बागडी पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाल्यापासून जत्रा कमिट्यांना त्या टाळणे अवघड जाते, जरी अनेक गावांत जोडीला परगावची मुलगी मिळवण्यासाठी अजून धावपळ करावी लागते आणि फडाच्या कडेला बायकांना बसायला जागा राखण्याचा प्रश्न दरवर्षी नव्याने निघतो. जत्रेच्या हस्तपत्रकावर पहिल्या दहा-बारा जोडींची नावे छापून झाली की तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते : इतर कुस्त्या मैदानावर जोडल्या जातील. रेवडीची कुस्ती या ओळीत येते, आणि तिच्यासाठी आजही कोणाला नाव नोंदवावे लागत नाही.