संगणक-कारागिराचा जोडधंदा व शेतकऱ्याची अवजारे

ठाण्याच्या खाडीच्या पूर्वेस असलेले कोपरखैरणे हे एके काळी भातशेती, मिठागरे व मासेमारी यांवर जगणाऱ्या पट्ट्यातील एक गाव होते. १९७० साली सिडकोची स्थापना झाली व ठाणे-बेलापूर पट्ट्यात नवी मुंबई उभी राहू लागली. आज जुन्या गावठाणाभोवती मोठी वस्ती असून, जवळच महापे व ऐरोली येथे संगणक कंपन्यांच्या कचेऱ्या आहेत. तेथे नांगर-कोळप्याऐवजी संगणकाच्या आज्ञावली लिहिणारे कारागीर काम करतात. त्यांचा व आपला संबंध काय, असे शेतकऱ्यास वाटणे साहजिक आहे. परंतु शेतकऱ्याच्या खिशातील मोबाईलमध्ये जी ॲप असतात, ती अशाच कारागिरांनी घडविलेली अवजारे होत.

हौसेतून निघालेले अवजार

नोकरीचे काम आटोपल्यावर यांपैकी कित्येकजण स्वतःच्या हौसेने एखादे लहानसे अवजार तयार करतात. भातशेतीला दुभत्या जनावरांची जोड असावी, तसाच हा प्रकार आहे. गोठ्यातील शेणखत शेतास मिळते; तद्वत फावल्या वेळात शिकलेली गोष्ट मुख्य कामास उपयोगी पडते. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सची सुरुवात हौस म्हणूनच केली. आजच्या अँड्रॉइड मोबाईलच्या मुळाशी तेच लिनक्स आहे.

मात्र जोडधंद्यातील प्रत्येक वासरू जगतेच असे नाही. हौस सरली, वेळ मिळेना किंवा खर्च परवडेना, की ॲप बंद पडते. मोठ्या कंपन्यांचेही तसेच. गूगलने रीडर ही सेवा २०१३ साली व ऑर्कुट ही सेवा २०१४ साली बंद केली. म्हणून अनुभवी कारागीर आपली नोंद एकाच अवजाराच्या भरवशावर ठेवीत नाही. तिची दुसरी प्रत राखतो. बियाणे, खते, मजुरी यांचा हिशेब मोबाईलमध्ये ठेवणाऱ्या शेतकऱ्यानेही तो दर आठवड्यास वहीत उतरवून घ्यावा.

अवजारे थोडी, पण हाताशी बसलेली

कोळपे कोळपणीसाठी असते. त्याने नांगरट होत नाही. ॲपचेही तसेच आहे. दहा ॲप घेऊन एकही नीट न वापरण्यापेक्षा दोन-तीनच घ्यावीत व ती पूर्णपणे शिकावीत. हवामानावर आधारित सल्ल्यासाठी २०१९ साली मेघदूत हे ॲप सुरू झाले. पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः करावी यासाठी महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. यांतील दुसऱ्याचे महत्त्व विशेष आहे. सातबाऱ्यावर पिकाची नोंद नसेल, तर नुकसानभरपाई, पीक विमा किंवा हमीभावाने विक्री या वेळी अडचण येऊ शकते. वर्षभराचे कष्ट एका राहिलेल्या नोंदीपायी वाया जाऊ नयेत. यास्तव शेवटच्या दिवसाची वाट न पाहता, मुदतीच्या आरंभीच शेतात जाऊन छायाचित्रासह नोंद करावी व ती खरोखर जमा झाली की नाही, हे पाहूनच मोबाईल खिशात ठेवावा.

कार्यकर्त्यांनी पाहावयाच्या गोष्टी

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी कोणतेही ॲप गावात सांगण्यापूर्वी ते स्वतः वापरून पाहावे. ते मराठीत आहे काय, जुन्या मोबाईलवर चालते काय, शिवारात संपर्क नसताना त्याचे काय होते, हे तपासावे. नवे वाण प्रथम एका वाफ्यात लावून पाहतात, त्याप्रमाणे दोन-चार शेतकऱ्यांबरोबर प्रयोग करावा. ज्यांच्याकडे मोबाईल नाही अशांची यादी करून त्यांच्या नोंदीस मदत करावी.

शासकीय योजनेच्या नावाने व्हॉट्सॲपवर आलेले अनोळखी ॲप कधीही घेऊ नये. त्यातून बँकेतील पैसे लुबाडले जातात. मोबाईलवर आलेला ओटीपी कोणासही सांगू नये, मग विचारणारा स्वतःस अधिकारी म्हणवीत असला तरीही.

अवजार घडविणारा कोपरखैरण्यात बसलेला असो वा अन्यत्र, शेतात काय अडते हे त्यास आपोआप कळत नाही. ॲप कोठे अडखळते, कोणता शब्द समजत नाही, हे शेतकऱ्यांनी कार्यकर्त्यांस स्पष्ट सांगावे व कार्यकर्त्यांनी ते लेखी वर कळवावे. कोळप्याचा दांडा उंचीस बसला नाही, तर शेतकरी तो सुताराकडे परत नेतो. हाच रिवाज येथेही चालू ठेवणे हितावह होय.