फिशरसाहेबांचे जनुक

सन १९५० मध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या दोघा इंग्रज संशोधकांनी लंडनच्या रुग्णालयांतील शेकडो रोग्यांच्या जबान्या घेऊन फुफ्फुसाच्या कर्करोगाबद्दल सिगारेटीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, तेव्हा तिचे वकीलपत्र घेण्यास पुढे सरसावलेला पुरुष सामान्य नव्हता. आधुनिक संख्याशास्त्राचा पाया घालणारे रोनाल्ड फिशर हे स्वतः पाइपचे शौकीन आणि तंबाखू-कारखानदारांचे सल्लागार. १९५८ मध्ये त्यांनी असा युक्तिवाद केला, की एकरूप जुळ्यांच्या धूम्रपानाच्या सवयी भिन्नरूप जुळ्यांपेक्षा अधिक मिळत्याजुळत्या असतात. सबब धुराची ओढ आणि रोगाची प्रवृत्ती ही दोन्ही एकाच आनुवंशिक मुळाची फळे असणे संभवते, आणि तसे असल्यास धूर निर्दोष ठरतो.

फिशर १९६२ साली निवर्तले. पुढे २००८ मध्ये आइसलंड, फ्रान्समधील लियों आणि अमेरिकेतील ह्यूस्टन येथील तीन संशोधकगटांनी हजारो लोकांची जनुके तपासली, तेव्हा तिघांचेही बोट पंधराव्या गुणसूत्राच्या एकाच स्थळावर येऊन थांबले. तेथे वसतात ती निकोटिनला प्रतिसाद देणाऱ्या चेताग्राहकांची जनुके. आणि त्यांतल्या एकात केवळ एका अक्षराचा फरक पडला, की ग्राहकाची घडण किंचित पालटते. उंदरांवरील प्रयोगांवरून असे दिसते, की निकोटिनची मात्रा फार झाली म्हणजे मेंदूत उमटणारा 'आता पुरे' हा इशारा या ग्राहकावर अवलंबून असतो. तो क्षीण झाला, की हात पुन्हा पाकिटाकडे वळतो.

म्हणजे फिशरसाहेबांचे जनुक सापडले. पण त्याने साक्ष दिली ती त्यांच्याच विरुद्ध. या भेदाची एक प्रत वाट्याला आलेल्या धूम्रपीची फुफ्फुसाच्या कर्करोगाची जोखीम सुमारे ३० टक्क्यांनी, तर दोन प्रती आलेल्याची सुमारे ८० टक्क्यांनी वाढते; उलट नित्य धूम्रपानाने तीच जोखीम दहा-वीस पटींनी चढते. ज्यांनी सिगारेट कधी ओठांना लावलीच नाही, त्यांच्यात तर हा भेद बहुधा मुकाच राहतो. प्रत्यक्ष घाव घालतो तो धूरच: त्यातील बेंझोपायरिन शरीरात शिरले, की त्याचा निचरा करू पाहणारी आपलीच विकरे त्याला अधिक दाहक रूप देतात, आणि ते रूप पेशींच्या अनिर्बंध वाढीवर पहारा ठेवणाऱ्या पी-५३ या जनुकाला जाऊन चिकटते. जनुक दार किलकिले ठेवते. आत शिरतो तो धूर.

आणि हे दार लोटून घेता येते. ब्रिटनमधील पुरुषांविषयीचा हिशेब असा, की अखेरपर्यंत ओढत राहणाऱ्यास पंच्याहत्तरीपूर्वी या रोगाने मृत्यू येण्याची शक्यता सुमारे १६ टक्के. पन्नाशीत सोडणाऱ्यास ६ आणि तिशीत सोडणाऱ्यास अवघी २ टक्के.

तरीही 'आमचे आजोबा नव्वदीपर्यंत विड्या ओढत होते, त्यांना काय झाले?' हा दाखला घरोघरी दिला जातोच. आजोबांचा पिंड कदाचित खरोखरच काटक असेल. परंतु त्यांच्या जनुकांपैकी नातवाच्या हिश्श्याला सरासरी चौथाईच येते, आणि त्या चौथाईत नेमके काय आले याचा सातबारा कोणाच्याच हाती नसतो. विडी मात्र तो पुरी ओढतो.