बंदूक खरी, आकडा फुसका!

दरवर्षी नवा आकडा, नवी 'जनरेशन', ही मोबाइलवाल्यांची आयडिया वाटते ना? छे! पिस्तूलवाले या खेळातले जुने खिलाडी.

माहीत आहे का, जगातल्या पहिल्यावहिल्या ग्लॉक पिस्तुलाचं नाव 'ग्लॉक १७' होतं? मग आधीची सोळा कुठे गेली? नव्हतीच! ऑस्ट्रियाचे गॅस्टन ग्लॉक पूर्वी पडद्यांचे रॉड आणि लष्करासाठी चाकू बनवायचे. पिस्तूल हे त्यांचं १७वं पेटंट, म्हणून १७ असं सांगतात. आणि मॅगझिनमध्ये गोळ्याही मावतात १७च. निव्वळ योगायोग!

पण या योगायोगावर विसंबाल तर फसाल. ग्लॉक २२ मध्ये पॉइंट २२ ची गोळी? नाही, पॉइंट ४० ची. मग ग्लॉक ४० मध्ये? १० मिलिमीटरची. ग्लॉक ४५ मध्ये ९ मिलिमीटरची. आणि पॉइंट २२ च हवी असेल, तर मागा ग्लॉक ४४! हिशेब जुळवायला बसू नका, डोकं गरगरेल.

आकड्यांचं झालं, आता 'जेन'. तिसऱ्या पिढीत ग्लॉकने मुठीवर बोटांसाठी खाचा दिल्या. वा, काय पकड! २०१७ मध्ये पाचवी पिढी आली. तिची खासियत? खाचा गायब! त्याहून धमाल म्हणजे पहिल्या पिढीला तिच्या काळात कुणी 'जेन १' म्हणतच नव्हतं. स्लाइडवर 'जेन' कोरणं सुरू झालं ते थेट चौथ्या पिढीपासून. नातवंडं आल्याशिवाय आजोबा कसे होणार?

स्मिथ अँड वेसनकडे मात्र एकेकाळी काय झोकदार नावं होती! 'हायवे पेट्रोलमन', 'कॉम्बॅट मास्टरपीस', 'चीफ्स स्पेशल'. हे शेवटचं तर १९५० मध्ये अमेरिकेत पोलिसप्रमुखांच्या परिषदेत मतदान घेऊन ठरलं. मग १९५७ उजाडलं आणि कंपनीने सगळ्यांना रोल नंबर वाटले: मॉडेल २८, मॉडेल १५, मॉडेल ३६. बोंबला!

पुढे यांच्या पिस्तुलांची पिढी वाढली की आकडाही फुगायचा. पहिली पिढी ५९, दुसरी ४५९, तिसरी ५९०६. चौथीला थेट टेलिफोन नंबरच लागला असता! शेवटी २००५ मध्ये कंपनीने १८९९ च्या रिव्हॉल्व्हरचं 'मिलिटरी अँड पोलिस' हे नाव माळ्यावरून काढलं आणि नव्या पॉलिमर पिस्तुलाला लावलं. २०१७ ची सुधारित आवृत्ती? 'एम २.०'. पिस्तूल की ॲप?

'मॅग्नम' ऐकून छाती दडपते? हे नाव शॅम्पेनच्या मोठ्या बाटलीवरून आलंय, चिअर्स! आणि 'डर्टी हॅरी' सिनेमाने गाजवलेल्या पॉइंट ४४ मॅग्नमची गोळी मोजली तर भरते पॉइंट ४२९ इंच. राउंड फिगर, दुसरं काय.

कोल्टने तर रिव्हॉल्व्हरांची बारमाही नागपंचमीच मांडली. कोब्रा, पायथन, डायमंडबॅक, व्हायपर, बोआ, किंग कोब्रा, ॲनाकोंडा! मधे सगळे साप वारुळात गेले. मग २०१७ मध्ये कोब्रा, २०२० मध्ये पायथन आणि २०२१ मध्ये ॲनाकोंडा पुन्हा बाहेर. जुन्या नावाला नवी कात!

पण सगळ्यात भारी जुगाड माहीत आहे का? थॉम्प्सन ऊर्फ टॉमी गनचा! कोल्टने १९२१ च्या मॉडेलच्या १५,००० थॉम्प्सन बनवल्या, पण त्या भराभर खपेनात. मग शिल्लक मालातल्या काहींमध्ये थोडा बदल करून '१९२८ चं मॉडेल' बाजारात आणलं. बंदुकीवर कोरलेल्या १९२१ चं काय? शेवटच्या १ वर सरळ ८ चा ठसा ठोकला!

आपलं पुणंही यात आहे बरं का. पाषाणच्या एआरडीई या शस्त्रसंशोधन संस्थेत घडलेली 'इन्सास' रायफल म्हणजे नुसती इंग्रजी आद्याक्षरं. त्याच संस्थेचं २०२१ चं मशिन पिस्तूल मात्र 'अस्मि' आणि २०२४ ची रायफल 'उग्रम'. आकडा नाही, जेन नाही, थेट संस्कृत!

आणि नवं ते हवं, हे तरी खरं का? विंचेस्टरच्या मॉडेल ७० रायफलला विचारा. १९६४ मध्ये कंपनीने खर्च वाचवायला तिची रचना बदलली, शिकारी भडकले. १९९२ मध्ये जुनी रचना 'क्लासिक' म्हणून परत आणावी लागली. तरी आजही भाव जास्त कुणाला? 'प्री-६४' लाच!