क्रोशाची सुई आणि हजारी

'छंद' हा शब्द आमच्या घरात माझ्याबरोबर कॉलेजातून आला. तोवर हाताने केलेले काम हजारात मोजायचे, एवढेच आम्हाला ठाऊक. आई सोलापुरात घरी बसून विड्या वळते आणि मजुरी हजारामागे मिळते. गेल्या दिवाळीच्या सुटीत मी क्रोशाची सुई आणि दोऱ्याचा गुंडा आणला, तेव्हा तिने विचारले, "ह्याचं हजारी काय देतात?"

"काही नाही गं, हौस म्हणून."

"आणि दोरा कोण देतं?"

"आपणच आणायचा." यावर आई जी हसली, ती अजून आठवते.

पुष्कळांना क्रोशा आणि दोन सुयांवरचे विणकाम एकच वाटते. मलाही वाटे. सुयांवर अख्ख्या ओळीचे टाके एकाच वेळी जिवंत असतात. एक जरी गळला तरी खालपर्यंत शिडी उसवत जाते. क्रोशात आकड्यावर बहुधा एकच टाका उघडा असतो, बाकीचे मागे बंद होऊन गेलेले. त्यामुळे नवशिक्याने क्रोशापासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. (गंमत अशी, की सुयांवरचा गळलेला टाका वर आणायला पुन्हा क्रोशाचीच सुई लागते!)

माझी पहिली वस्तू म्हणजे पेल्याखाली ठेवायची चकती. साखळीचे छोटे कडे करून त्यात १२ खांब घातले. दुसऱ्या फेरीतही १२च घातले, तिसऱ्या फेरीतही तेवढेच. चकतीची वाटी झाली! वर्तुळ सपाट राहायचे तर त्याचा घेर प्रत्येक फेरीला सारखा वाढला पाहिजे, म्हणजे १२, २४, ३६ असे. वाढवले नाही तर टोपी होते. फार वाढवले तर झालर पडते. शाळेत घोकलेला परिघ मला त्या दिवशी हातात कळला. तीनदा उसवून चौथ्यांदा चकती सपाट बसली. एका फेरीला वीस मिनिटे लागली.

ही वीस मिनिटे मनात असतानाच ग्रंथालयात मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंचे १९८२ सालचे पुस्तक हाती आले. ते आंध्रातील नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांवर आहे. इंग्रजी मला जड जाते. शब्दकोश घेऊन थोडे थोडे वाचले. ही कला तिकडे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी नेली. बायका घरी बसून क्रोशा विणतात, माल परदेशी जातो. पण त्या 'गृहिणी', फावल्या वेळात काहीतरी करतात, असे सगळ्यांनी धरल्यामुळे मजुरी अगदी तुटपुंजी राहिली, असे लेखिका दाखवते. वाचताना माझ्यासमोर आईचे सूप होते. तिलाही शेजारी 'घरीच असते' असेच म्हणतात.

व्यापारी मालासाठी खऱ्या क्रोशाचे यंत्र आजही नाही. म्हणजे बाजारात दिसणारा प्रत्येक क्रोशाचा रुमाल कोणाच्या तरी बोटांतून उतरलेला असतो. पूर्वी मी असा रुमाल घेताना घासाघीस केली असती. आता आधी त्याच्या फेऱ्या मोजते.

माझे विणणे मात्र हौसच राहिले आहे. परीक्षेच्या दिवसांत डोके शिणले की दोन फेऱ्या घालते. मोबाईलचे कव्हर झाले, भाचीचे टोपडे झाले. मफलर अर्धवट पडला आहे.

मागच्या रविवारी कारखान्याची पाने आली नव्हती. आईने माझ्या हातातून सुई घेतली. "दाखव, कसं धरतात?" विडीला दोरा गुंडाळून तिच्या बोटांना ताण सरावाचा, तिचे खांब पहिल्यापासून एकसारखे पडले. एक फेरी तिने पूर्ण केली आणि म्हणाली, "छत्तीस. बरोबर?" ती फेरी माझ्यापेक्षा थोडी घट्ट आहे, त्यामुळे चकती किंचित वर उचलली जाते. मी ती उसवलेली नाही.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला