स्वप्नात भान आलं की स्वप्न का मोडतं? (सजग स्वप्ने आणि आपली मुले)



'मनी वसे ते स्वप्नी दिसे' या म्हणीचा आपण वर्गात वाक्यात उपयोग करून घेतो आणि पुढे सरकतो. मुलांचे प्रश्न मात्र तिथे संपत नाहीत. हल्ली सातवी-आठवीच्या पुढे एक प्रश्न हमखास येतो: "सर, स्वप्नात मला कळलं की हे स्वप्न आहे, आणि लगेच जाग आली. असं का होतं? ते लांबवता येतं का?" काही मुलं मोबाईलवर व्हिडिओ बघून पहाटे चारचा अलार्म लावतात आणि स्वतःवरच प्रयोग करतात. म्हणून या विषयाची नीट माहिती आपल्याजवळ असलेली बरी.

सजग स्वप्न म्हणजे काय?

झोपेत असतानाच 'मी आत्ता स्वप्न पाहतोय' हे कळणे, याला इंग्रजीत ल्युसिड ड्रीम म्हणतात. आपण त्याला सजग स्वप्न म्हणू. दिवास्वप्न वेगळं. तिथे आपण जागेच असतो. हा शब्द डच लेखक आणि मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक व्हॅन एडन यांनी १९१३ मध्ये रूढ केला. कल्पना मात्र जुनी आहे. तिबेटी बौद्ध परंपरेत स्वप्नात भान ठेवण्याची साधना शतकानुशतके चालत आली आहे.

हा अनुभव तसा दुर्मिळ नाही. वेगवेगळ्या अभ्यासांचे आकडे एकत्र केले तेव्हा निम्म्याहून जास्त लोकांना आयुष्यात एकदा तरी असं स्वप्न पडल्याचं दिसलं. लहान मुलांना तर ते बऱ्यापैकी पडतं.

विज्ञानाने हे कसं तपासलं?

झोपलेला माणूस 'मला भान आहे' हे सांगणार कसं? स्वप्ने मुख्यतः ज्या झोपेत पडतात तिला रेम झोप म्हणतात. या झोपेत हातापायांचे स्नायू सैल पडतात, पण डोळे हलत राहतात. हाच धागा पकडून इंग्लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी १९७५ मध्ये प्रयोग केला. ॲलन वर्स्ली या स्वयंसेवकाने स्वप्नात भान येताच ठरल्याप्रमाणे डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवले आणि यंत्रावर त्याची नोंद झाली. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डला स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे हेच दाखवून दिलं.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग तर वर्गात सांगण्यासारखा आहे. झोपलेल्या माणसाला विचारलं, "आठ वजा सहा किती?" त्याने झोपेतच डोळे दोनदा हलवून उत्तर दिलं! अर्थात, बहुतेक वेळा असं उत्तर येत नाही, हेही मुलांना सांगावं.

मग स्वप्न मोडतं का?

याची मुख्य कारणे तीन.

पहिलं, आनंदाचा उसळलेला झटका. 'अरे, हे स्वप्न आहे! आता मी उडणार!' असं वाटताच मन खळबळतं आणि झोप उडते.

दुसरं, भान पुन्हा हरवतं. जाग येत नाही, पण आपण कथेत ओढले जातो आणि हे स्वप्न आहे हेच विसरतो.

तिसरं कारण झोपेच्या रचनेतच आहे. झोपेची आवर्तने साधारण ९० मिनिटांची असतात. सुरुवातीच्या आवर्तनात रेम झोप थोडीच मिनिटे टिकते, पहाटेकडे ती लांबत जाते. ती संपली की स्वप्नही संपतं. म्हणजे कितीही युक्त्या केल्या तरी स्वप्नाला वेळेची मर्यादा आहेच.

स्वप्न स्थिर कसं ठेवायचं?

१. आधी शांत व्हा. भान आल्याबरोबर काही मोठं करायला जाऊ नये. मनात 'हे स्वप्न आहे' एवढंच म्हणावं आणि आजूबाजूला पाहावं.

२. तळहात एकमेकांवर चोळा. स्वप्न धूसर व्हायला लागलं की स्वप्नातलेच हात चोळायचे. आपले खरे हात अंथरुणावर निवांत पडलेले असतात. मेंदू स्वप्नातल्या स्पर्शात गुंतून राहिला की अंथरुणाकडे, म्हणजे जागेपणाकडे, त्याचं लक्ष कमी जातं, असं यामागचं स्पष्टीकरण दिलं जातं.

३. गोल फिरा. लहानपणी गिरकी घ्यायचो तशी स्वप्नात गिरकी घ्यायची. लाबर्ज यांनी तुलना करून पाहिली. काहीच न करता स्वप्न जसं चाललंय तसं चालू देण्यापेक्षा हात चोळणे आणि गिरकी घेणे या दोन्हींनी स्वप्न बरंच जास्त टिकलं. गिरकीने कधी कधी देखावा बदलतो, तेव्हा दचकू नये.

४. एकाच जागी टक लावू नका. नजर एकाच ठिकाणी खिळली की स्वप्न विरायला लागतं, असा अनेकांचा अनुभव आहे. भिंतीला हात लावा, जमिनीचा गारवा जाणवतो का बघा, आवाज ऐका.

५. मधून मधून आठवण करा. 'हे स्वप्न आहे' हे अधूनमधून मनात म्हणत राहिलं की भान टिकतं.

६. जाग आलीच तर हलू नका. डोळे मिटून तसंच पडून राहिलं तर कधी कधी माणूस त्याच स्वप्नात परत जातो. नाहीच गेला, तर आठवतंय तेवढं वहीत लिहून ठेवावं. स्वप्ने आठवण्याची सवय हीच या सगळ्याची पहिली पायरी आहे.

मुलांना याचा उपयोग काय?

उडायला मजा येते हे खरं, पण खरा उपयोग वाईट स्वप्नांत आहे. तेच तेच भीतीदायक स्वप्न पडणारं मूल झोपायलाच घाबरतं. दुसऱ्या दिवशी वर्गात पेंगतं आणि आपण म्हणतो, लक्ष नाही! अशा मुलाला दिवसा जवळ बसवून स्वप्न सांगू द्यावं. मग विचारावं, "यात तुला काय बदलायला आवडेल?" कुत्रा मागे लागतो ना? मग तो छोटं पिल्लू झाला तर? हा नवा शेवट चित्रात काढायचा आणि रोज दोन-चार मिनिटे मनात घोळवायचा. या पद्धतीचा उपचारातही उपयोग करतात. त्यासाठी स्वप्नात भान यायलाच हवं असं नाही. आलंच, तर पळण्याऐवजी थांबून हात चोळायचे, हे मुलाला माहीत असतं.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. झोप लागल्यावर पहिल्या काही तासांत मूल किंचाळून उठतं, आपल्याला ओळखत नाही आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही, तर ते वाईट स्वप्न नव्हे. ती गाढ झोपेतली घाबरगुंडी असते. तिथे या युक्त्या लागू पडत नाहीत. मुलाला गदागदा हलवून उठवू नये, फक्त सुरक्षित ठेवावं.

पहाटेच्या अलार्मचं काय?

पहाटे उठून थोडा वेळ जागं राहायचं आणि पुन्हा झोपायचं, या पद्धतीने सजग स्वप्नांची शक्यता वाढते हे खरं आहे. पण सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला ८ ते १० तास झोप लागते. रात्री अकरापर्यंत अभ्यास आणि सकाळी सातची शाळा असलेल्या मुलाने मधली झोप मोडली तर उरतं काय? रेम झोप सर्वांत जास्त असते ती झोपेच्या शेवटच्या तासांत. म्हणजे जे हवंय तेच आपण कापतो. तेव्हा मुलांना सरळ सांगा: ज्याला स्वप्न लांबवायचंय, त्याने आधी झोप लांबवावी. लवकर झोपावं, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि उशाशी वही-पेन ठेवावं.

वाईट स्वप्ने आठवड्यातून अनेकदा पडत असतील, मूल झोपेला घाबरत असेल किंवा दिवसाही खरं काय आणि स्वप्न काय यात गोंधळत असेल, तर हे प्रयोग थांबवून डॉक्टरांचा सल्ला जरूर घ्यावा.

आपल्या वर्गात एक दिवस पाच मिनिटे काढून मुलांना एवढंच विचारून बघा, "काल रात्री किती वाजता झोपलात? आणि स्वप्न काय पडलं?" पहिल्या प्रश्नाची उत्तरं ऐकून आपल्याला बरंच काही कळेल. दुसऱ्याची उत्तरं ऐकताना वर्ग रंगेल, हे नक्की.