क्लिक नेमकं कधी होतं?

‘डिलीट’वर बाण नेऊन माउसची कळ दाबली आणि मन बदललं, तर बोट न उचलता बाण बाजूला सरकवा, मग कळ सोडा. काहीच पुसलं जात नाही! कारण क्लिकमध्ये दोन घटना असतात: दाबणं आणि सोडणं. विंडोज दोन्हींचे निरोप टपाल्यासारखे प्रोग्रामकडे पोहोचवतं, बाण कुठे होता त्या पत्त्यासकट. पहिल्या निरोपावर पडद्यावरचं बटण नुसतं दबलेलं दिसतं. सोडतानाही बाण तिथेच असेल, तरच काम सुरू होतं. विचार बदलण्याची ही मुभा मला फार मोलाची वाटते.

डबल-क्लिकसाठी मात्र घड्याळ लागतं. दुसऱ्यांदा दाबणं ५०० मिलिसेकंदांत, जवळपास त्याच जागी व्हायला हवं. बोटं सावकाश चालत असतील, तर सेटिंगमध्ये ही मुदत वाढवता येते.